आतल्या दारावरची बाई

मी जन्मभर बायकांच्या अंगावरून हात फिरवून पोट भरलं, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी गप्प होतो, मग इकडेतिकडे बघतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे मालिश करायच्या का तुम्ही?" मालिश नव्हे हो, झडती. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या करणारा एक कारखाना होता, त्याच्या गेटवर मी 'लेडी सर्चर' होते. सत्तरचं दशक सरता सरता लागले आणि नव्वदच्या दशकात कारखान्याने माणसं कमी करायला घेतली तेव्हा सुटले. मराठीत या कामाला धड नाव नाही. कामगार बायका तोंडावर 'राऊतबाई' म्हणत, आपसात 'गेटवाली' म्हणत, आणि फार चिडल्या की जे म्हणत ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

काम दिसायला सोपं. पॅकिंग खात्यात सगळ्या बायकाच. पाळी सुटली की त्या गेटजवळच्या प्लायवूडच्या खोलीत एकेक करून यायच्या. खोलीत एक पडदा, एक टेबल, भिंतीवर एक आरसा. डबा उघडून दाखवायचा, पिशवी उलटी करायची आणि हात पसरून उभं राहायचं. मी पाठीमागून सुरुवात करायची. खांदे, काखा, पाठ, कंबर, निऱ्या आणि शेवटी अंबाडा. गोळ्यांची पाकिटं चपटी, कुठेही मावतात. एका बाईंचा अंबाडा बघता बघता फुगत चालला होता. एक दिवस मी म्हटलं, "केसांना काय लावता हो? आम्हालाही सांगा की." दुसऱ्या दिवशी अंबाडा सुपारीएवढा झाला. मीही पुढे काही बोलले नाही.

लोकांना वाटतं झडती हातांनी घेतात. हात नावाला असतात. खरी झडती बाई पडदा सारून आत येते तेव्हाच घेऊन झालेली असते. जिच्यापाशी काही लपवलेलं आहे ती नजर चुकवते, असं सिनेमात दाखवतात. प्रत्यक्षात ती नजरेला नजर देते आणि माझ्या तब्येतीची चौकशी करते. मी बघायचे ते गळ्याकडे आणि पायांच्या अंगठ्यांकडे. माणूस चेहरा सांभाळतो, आवाज सांभाळतो, अंगठे सांभाळायचं त्याच्या ध्यानात राहत नाही.

दोन पाळ्यांच्या मधला वेळ माझा एकटीचा असे. खुर्ची गेटच्या आतल्या बाजूला, वर बदामाचं झाड. वारा पश्चिमेचा असला की तारापूरकडून समुद्राचा आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा. वारा फिरला की वसाहतीचा आंबट, घशात बसणारा. आणि आमच्या कारखान्याचा स्वतःचा एक वास होता, गोळ्यांवरच्या साखरेच्या पाकाचा. तो इतका अंगात मुरला होता की पालघरला घरी पोचले की मुंग्या लागतील अशी ह्यांची थट्टा चाले. दुपारी डोळे जड झाले की मला पाठी दिसायच्या. नुसत्या पाठी, ओळीने चाललेल्या, एकीमागून एक, वळून न बघणाऱ्या. मला बायका चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त ओळखू येत. पुढे पुढे तर त्या पाठी झोपेत माझ्याशी बोलायलाही लागल्या. काय बोलायच्या ते जागी झाल्यावर आठवत नसे, पण काहीतरी खरं ऐकलं आहे असं वाटत राही आणि मी पुढच्या पाळीच्या भोंग्यापर्यंत तशीच बसून असे.

अशाच एका दुपारी मला कमलादेवीचं हसणं कळलं. कमलादेवी बिहारची, अंगाने भरलेली, नवरा शेजारच्या स्टीलच्या कारखान्यात. तिला गुदगुल्या व्हायच्या. मी हात लावायच्या आतच ती हसत सुटायची. "अरे दीदी, मत छुओ, मर जाऊंगी!" मग रांगेतल्या सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. पाळीची ती करमणूकच होती. पण तिच्या पाठीचं मला नवल वाटायचं. चेहरा हसतोय आणि पाठ मात्र दगड. ज्या दिवशी ती जास्त दमलेली त्या दिवशी हसणं जास्त मोठं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हसते ती कमलादेवी नव्हेच. तिच्या आत दारावर एक बाई उभी आहे आणि ती हसून लोकांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावते. खरी कमलादेवी मागे कुठेतरी बसलेली आहे, आणि तिला हसू आलेलं नाही.

एकदा हे दिसल्यावर मग सगळीकडे दिसायला लागलं. कोणाच्या आतली दारावरची बाई सतत बडबड करायची, कोणाची वसकन अंगावर यायची, कोणाची इतकी गोड बोलायची की पुढे जायचं कोणाला सुचू नये. मला त्यांच्याबद्दल एक प्रकारची आपुलकी वाटू लागली. धंदा एकच ना आमचा. कोणी माझ्यावर ओरडलं की मी मनात म्हणायचे, ठीक आहे बाई, तू तुझी ड्युटी कर, मी माझी करते. त्यामुळे मला राग येईनासा झाला, आणि राऊतबाई फार थंड डोक्याची अशी माझी ख्याती झाली.

माझ्या स्वतःच्या आतल्या दारावर कोण उभं आहे, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो आमच्या ह्यांना पडायचा. हे पालघरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. स्वभाव मऊ, आवाज मऊ, पेन्सिलीसुद्धा मऊ वापरायचे. लग्नाच्या मांडवात मी बायकांचे अंबाडे निरखत बसले की मला कोपराने ढोसायचे. मी कधी कशाने दुखावले, कधी आजारी पडले, तरी "काही नाही, होईल बरं" एवढंच म्हणायचे. त्यावर हे एकदा म्हणाले, "अगं, घरी आल्यावर तरी गेट उघड. मी काय गोळ्या चोरणार आहे?" मी हसून विषय बदलला.

त्या काळात मला एक स्वप्न पडायचं. शिरगावची, माझ्या माहेरची वाळू, पलीकडे किल्ल्याची भिंत, आणि वाळूत मधोमध एक गेट. आजूबाजूला भिंत नाही, कुंपण नाही, नुसतं गेट. मी गणवेशाची साडी नेसून तिथे उभी. सगळं गाव गेटला वळसा घालून ये-जा करतंय आणि मी मात्र जागची हलत नाही. माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणतंय, मला बाहेर यायचंय. आणि मी मागे न बघता म्हणते, "पास दाखव." जाग आली की तोंडात मीठ असे.

चैती आमच्याकडे आली ती या दिवसांत. मनोरच्या बाजूच्या एका पाड्यावरची, विशीच्या आतबाहेरची, हाडं मोजून घ्यावीत अशी बारीक. घरी आई आणि दोन लहान भाऊ. डोंगरउतारावर नागलीचा एक तुकडा. पावसाळा संपला की सगळं घर वीटभट्टीवर जायचं, पार उन्हाळा सरेपर्यंत. चैतीला कारखान्यात लावून घेतलं तेव्हा त्या घराने पहिल्यांदा ठरवलं होतं, यंदा भट्टीवर जायचं नाही. तिच्या पगारावर घर पाड्यावरच राहणार होतं. हे मला तिने नव्हे, पॅकिंगच्या सुपरवायझरबाईंनी सांगितलं. चैती कोणाशी बोलतच नव्हती.

पहिल्या दिवशी ती पडदा सारून आत आली. डबा दाखवला. पिशवी नव्हतीच. मी नेहमीप्रमाणे मागे गेले, खांद्यावर हात ठेवला, आणि पुढचं मला नीट सांगताही येणार नाही. ती वळली आणि तिचा हात माझ्या कानशिलावर बसला. माझा चष्मा टेबलाखाली. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे भलतीकडेच होते आणि जिने मला मारलं ती चैती नव्हती, एवढं मला त्या धक्क्यातही कळलं. मग तिचा चेहरा हळूहळू परत आला, ती खाली वाकली, चष्मा उचलून माझ्या हातात दिला आणि पुटपुटली, "मी नाय मारला, बाई."

दुसऱ्या दिवशी तिने मारलं नाही. ते जास्त वाईट होतं. मी हात लावताच ती लाकूड झाली. नजर वरच्या ट्यूबलाइटवर. माझं आटोपलं, मी म्हटलं, "झालं चैती, जा." तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. ती तिथे नव्हतीच. अंग आमच्याकडे ठेवून ती कुठेतरी निघून गेली होती. शेवटी कमलादेवीने तिला हाताला धरून कंपनीच्या बसपर्यंत नेलं. मला त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. मारणारी परवडली, पण ही निघून जाणारी मला बघवेना.

तिसऱ्या खेपेला पुन्हा हात उगारला गेला, आणि नेमके आमचे सुरक्षा अधिकारी पडद्याबाहेर होते. फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, सगळे त्यांना सुभेदार म्हणत. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. आवाज ऐकून त्यांनी मला बाहेर बोलावलं. "बाई, झडती नाही तर नोकरी नाही. आज हात उगारला, उद्या वीट मारंल. ह्या महिन्याअखेरपर्यंत बघतो. मी स्वतः येऊन उभा राहीन. झडती सुरळीत झाली तर ठीक, नाय तर तिचं हजेरीचं टोकन काढून घेणार."

चैतीला त्यांनी हे समोर बोलावून सांगितलं. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतं, सगळ्यांना तूच. ती म्हणाली, "तू सांगशील तसा करीन, पन आंग माजा आयकत नाय." सुभेदारांना 'तू' लागलं. मला 'आंग आयकत नाय' लागलं.

त्यानंतर ती कामावर यायचीच बंद झाली. महिना अर्ध्यावर येत चालला होता. सुट्टीच्या दिवशी मी मनोरची एस.टी. धरली आणि विचारत विचारत तिच्या पाड्यावर गेले. का गेले? थंड डोक्याच्या बाईने असं करायचं कारण नव्हतं. पण ती टोकन गमावणार, घर परत भट्टीवर जाणार, आणि ते माझ्या हातामुळे होणार, हे मला सहन होत नव्हतं.

पाडा उतारावर होता. कुडाची घरं, एकमेकांपासून लांब लांब. ऊन कोवळं होतं आणि सगळं इतकं शांत की मला आपण झोपेतच चालतो आहोत असं वाटलं. आता आम्ही पडलो किनाऱ्यावरच्या वाडीतली माणसं. आमच्याकडे कोणाच्याही मागच्या दाराने "अगो, आहेस का?" करत थेट चुलीपर्यंत जायचं, त्यालाच घरोबा म्हणतात. मी तशीच अंगणातून तरातरा चालत ओट्यावर चढले आणि दारातून आत डोकावले. आत चैती चुलीपुढे बसली होती. मला बघताच ती ताडकन उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चेहरा तोच, झडतीच्या खोलीतला.

तिची आई परसात होती. ती हातातलं गवत टाकून आली. मला वाटलं, आता आदरातिथ्य होणार. तिने माझ्या दंडाला धरलं आणि मला हळूच ओट्यावरून खाली, अंगणातून पार कडेला नेऊन उभं केलं. रागाने नव्हे, मूल नेऊन बसवावं तसं.

"आमच्यात इथं उभा रावून हाक देतात, बाई," ती म्हणाली. "आतून ये म्हटला का मंग यायचा."

"चुकलं माझं. मला वाटलं, बायकांत काय एवढं."

"बाईमानूस आसला तरी काय झाला? घर निजला आसंल, घर रडत आसंल. त्याला तोंड पुसाया येळ नको?"

मी शरमून अंगणाच्या कडेला उभी राहिले आणि हाक दिली. "चैती, मी आलेय गो. येऊ का?"  कोंबड्या पायाशी येऊन गेल्या. मला वाटलं, परत जावं. मग आतून आवाज आला, "ये." चैतीच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. चेहरा वेगळा होता. तो चेहरा मी तोवर पाहिलेलाच नव्हता. चेहऱ्यावर तिचं कोवळं वय दिसत होतं.

आम्ही ओट्यावर बसलो. कारखान्याचं मी काही काढलं नाही. तिनेच काढलं. "भट्टीवर आमच्या झोपडीला दार नव्हता," ती म्हणाली. "पेंढ्याच्या तीन भिंती नि म्होरं उघडा. कोन पन येय." एवढंच म्हणाली आणि तांब्याकडे बघत राहिली. मी विचारलं नाही. तिची आई गवत निवडायची थांबली होती, तिनेही मान वर केली नाही. मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. ज्या घराला दार नाही, तिथे दाराच्या जागी कोणाला तरी उभं राहावं लागलं असणार. ती मारणारी तिथे उभी राहायला शिकली होती. आणि जेव्हा मारून भागत नव्हतं, तेव्हा ती दुसरी चैतीला उचलून लांब घेऊन जायला शिकली होती. त्या दोघींनी मिळून हे पोर वाचवलं होतं. आणि मी तिच्या मागून, न विचारता, खांद्यावर हात टाकत होते.

निघताना मी एवढंच म्हटलं, "उद्या ये. मी हाक देईन. तू 'ये' म्हणशील तर हात लावीन. नाही म्हणालीस तर नाही."

ती दुसऱ्या दिवशी आली. पाळी सुटली, तिचा नंबर आला. मी तिच्या मागे गेले नाही. समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभी राहिले. "चैती, हाक देतेय. येऊ का?" ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "बरं," आणि तिला आरशाजवळ उभी करून बाकीच्या बायकांची झडती घेतली. सगळ्या झाल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा नको. बाहेर बसचा हॉर्न. बायका खिडक्यांतून ओरडायला लागल्या, घरी पोरं वाट बघतायत म्हणून. कमलादेवी पायरीवर उभी राहून ड्रायव्हरला दटावत होती, "रुको भैया, दो मिनट में कौन सा पहाड़ टूट रहा है?" आश्चर्य म्हणजे ती हसत नव्हती. त्या दिवशी चैतीने स्वतःच आपली ओटी, पदर, कंबर माझ्यासमोर झटकून दाखवली आणि मी तिला जाऊ दिलं. नियमात बसत नव्हतं, पण महिना अजून संपला नव्हता.

असं रोज चाललं. मी हाक द्यायची, ती नको म्हणायची, मी बरं म्हणायचे. मला त्याची सवय झाली आणि गंमत वाटू लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला 'नको' म्हणायचा हक्क कोणालाच नव्हता. ती नको म्हणायची आणि काही कोसळत नव्हतं. तिच्या पायांचे अंगठे, जे पहिल्या दिवशी जमिनीत रुतल्यासारखे होते, ते दिवसेंदिवस मोकळे होत चालले होते. मग एका संध्याकाळी मी विचारलं, आणि ती "ये" म्हणाली. इतक्या हळू की मी पुन्हा विचारलं. तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि स्वतःच आपल्या खांद्यावर ठेवला. माझ्या हातावर तिचा हात. तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही. मी झडती घेत होते की ती, मला सांगता येणार नाही. तिची पाठ थरथरत होती, पण ती तिथेच होती. ट्यूबलाइटकडे गेली नाही.

महिनाअखेर आली. सुभेदार ठरल्याप्रमाणे आले आणि पडद्याच्या बाहेर उभे राहिले. बुटांचा आवाज झाला, त्यांनी घसा साफ केला, आणि माझ्या डोळ्यांदेखत चैतीचे अंगठे जमिनीत रुतले. मी हाक दिली. ती आली नाही. डोळे वर जायला लागले. इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात चाललेलं मला दिसत होतं. भट्टी दिसत होती. पेंढ्याच्या तीन भिंती दिसत होत्या. 

मी पडद्याबाहेर डोकं काढलं. "साहेब, तुम्ही पायऱ्या उतरून खाली उभे राहा."

"का? मी आत बघतोय होय?"

"बघत नाही. पण दारात पुरुष उभा आहे. तिच्या आतलं माणूस दार उघडायचं नाही."

 मला वाटलं, आता माझंही टोकन जाणार. पण त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि पायऱ्या उतरले. नुसते उतरले नाहीत, पार झाडाखाली गेले, आणि गेटवरच्या दोघा पहारेकऱ्यांनाही हाताने लांब जायची खूण केली. मग आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी आत आले. "चैती, लांब गेलेत ते. मी आहे. येऊ का?"  मग तिचे डोळे खाली आले, ट्यूबलाइटवरून आरशावर, आरशावरून माझ्यावर. "ये," ती म्हणाली.

झडती झाली. मी बाहेर जाऊन सांगितलं. सुभेदार म्हणाले, "ठीक आहे," आणि पुढे म्हणाले, "तिला म्हणावं, 'तू' म्हटलं तरी चालंल." टोकन राहिलं. त्या वर्षी चैतीचं घर पाड्यावर राहिलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी, झडती आता दोघींच्या सवयीची झालेली असताना, मी तिला सहज विचारलं, "चैती, ती मारणारी कुठे गेली गं?"

ती निऱ्या ठीक करत होती. म्हणाली, "कुटं जाईल? हाय ना. बसलीय. मी तिला सांगितला, आता बाई हाय दारावर. तू दमलीस. जरा बस."

इतक्या साधेपणाने म्हणाली, आणि डबा उचलून गेली. मी पुढच्या बाईला "ये" म्हणायचं विसरले. पाळी कशी आटोपली, गाडी कधी आली, पालघर कधी आलं, मला काही समजलं नाही. सगळं धुक्यातून चाललं होतं. कानात तेवढंच, तू दमलीस, जरा बस.

माझी आई मी परकर-पोलक्यात होते तेव्हा गेली, शिरगावला, बाळंतपणात. घरात रडारड. आजी कोसळलेली, भाऊ लहान, वडील माडाला टेकून बसलेले. येणाऱ्या माणसांना कोणीतरी सांगायला हवं होतं, कुठे बसा, कुठे पाय धुवा. मी दारात उभी राहिले. "आत जा, आजी आत आहे. चपला इथे काढा. धाकट्याला उठवू नका." लोक माझ्या डोक्यावरून हात फिरवत आणि म्हणत, पोर किती धीराची. आईला बाहेर काढलं तेव्हासुद्धा मी दारातच होते, गर्दी बाजूला सारत होते. म्हणून मी तिच्याकडे नीट बघितलंच नाही. नंतर रडायचं ठरवलं होतं. मग ते राहूनच गेलं. धीराची हे नाव मला इतकं चिकटलं की त्याच्या जोरावर शाळेत मॉनिटर झाले, सासरी कर्ती झाले, आणि गेटवरची नोकरी तर ते बघूनच मिळाली. मला माझ्या त्या धीराचा फार अभिमान होता. आज लिहितानाही आहे. ती पोर उभी राहिली नसती तर त्या घराचं काय झालं असतं कोणास ठाऊक. पण तेव्हापासून तिला कोणी, बस, म्हणालं नव्हतं.

घरी आले तेव्हा उजेड होता. हे गॅलरीत चित्रं तपासत होते. मी चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली आणि उंबरठ्यापाशी उभी असताना मनातल्या मनात म्हटलं, दमलीस गो. बस जरा. आणि मी खरंच तिथेच, दारात, जमिनीवर बसले. मग जे आलं ते मला आवरता येईना. हे धावत आले. मला असं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. "काय झालं? कंपनीत काही झालं का? पडलीस का?"

"आई गेली माझी," मी म्हटलं.

ह्यांना सगळं माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हाच, आई लहानपणी गेली म्हणून सांगितलेलं होतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अगं, त्याला किती वर्षं झाली. हे मला ओलांडून पुढे आले आणि दारात, मी जन्मभर उभी राहिले त्या जागी, उभे राहिले. माझं रडणं ऐकून शेजारच्या काकू लगबगीने जिना चढून वर येत होत्या. हे दोन्ही हात चौकटीला लावून, आपल्या मऊ आवाजात त्यांना म्हणाले, "आज नका येऊ काकू. हिची आई गेलीय."